खळवाडीची वाऱ्याकडची बाजू

दरखास्त मी लिहिली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की ही बाई सगळ्या गावाकडं बोट दाखवून स्वतः नामानिराळी राहिली. अक्षर माझं, शब्द माझे, कागदसुद्धा माझ्या वहीतला. खाली सह्या आणि अंगठे तेवढे गड्यांचे.

माझं सासर ताडकळसपासून पायी तासाभराच्या वाटेवर. माहेर पाथरीचं. तिथं मी मॅट्रिकपर्यंत शिकले, आणि एवढ्या एका गोष्टीपायी सासरी मी गावाची बिनपगारी कारकून झाले. कुणाच्या मुलाचं पत्र आलं, वाच. कुणाला कचेरीत कागद द्यायचाय, लिही. सासऱ्यांना याचा लय अभिमान. "आमच्या सूनबाईकडं द्या कागद, घडाघडा वाचती," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना चेहरा असा करायचे की नवी बैलजोडीच दाखवायलेत. मी आतल्या आत धुमसायची. चुलीवर भाकरी, हाताला पीठ, आणि दारात कागद घेऊन उभा माणूस. पण खरं बोलायचं तर नाही म्हणायला माझी जीभ वळायची नाही. वाचता येणाऱ्या बाईला गावात वेगळा मान होता, आणि तो मला आवडायचा.

गावाच्या मावळतीला खळवाडी होती. आमच्याकडची माती काळी, पावसात पाय धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात भेगा पडणारी. जवारीची मळणी करायला खळं लागतं, खळ्याला कडक जमीन लागते, आणि तशी जमीन सगळ्या शिवारात एवढीच: पांढऱ्या मातीचा एक उंचवटा, चार-पाच एकरांचा. झाड नाही, झुडूप नाही. कुणाच्या नावावर नव्हता. ज्याचं खळं जिथं ठरलेलं, तिथंच त्यानं ते करायचं, एवढाच कायदा, आणि तो कुणी मोडायचं नाही. माघ लागला की आम्ही बाया जमीन शेणानं सारवायचो. मधोमध लाकडाची मेढ रोवली जायची, तिच्याभोवती कणसं पसरायची आणि त्यांवरून बैल गोल गोल फिरायचे. खळ्यावर पायात वहाण घालून कुणी यायचं नाही, मग तो पाटील असो की तलाठी.

कणसं तुडवून झाली की उपणणी. तीन पायांची उंच तिवई ठेवायची, एकानं तिच्यावर उभं राहायचं, खालून दुसऱ्यानं पाटी भरून द्यायची, आणि वरच्यानं ती डोक्याच्या वर धरून हळूहळू रिती करायची. भूस वाऱ्यानं लांब जातं, दाणा जड, तो सरळ खाली पडतो. त्या दिवसांत भाकरी खायची तर वाऱ्याशिवाय गत नव्हती. आणि आमचा वारा यायचा मावळतीकडून, दुपार कलली की.

तिवईवर चढणं हे गडीमाणसाचं काम. आमच्या खळ्यावर मात्र एक बाई चढायची. ती बौद्धवाड्यातली. अगोदर तिचा नवरा आमच्याकडं उपणायला यायचा. तो वारला, त्याच साली सुगी तोंडावर आलेली, दुसरा चांगला हात मिळेना. मळलेल्या कणसांचा ढीग तसाच पडून आणि वर वारा भरात आलेला. तेव्हा ती खाली उभी राहून म्हणाली, "मालक, मी चढू का?" सासऱ्यांनी नाक मुरडलं. बाईमाणूस तिवईवर, लोक काय म्हणतील. पण आलेला वारा वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. ती चढली. मी लग्न होऊन आले तोवर याला पाच-सहा सुग्या झाल्या होत्या, आणि शेजारचे दोन-तीन खळेवालेही तिचीच वाट बघत बसायचे.

तिचा हातच तसा होता. बाकीचे गडी पाटी ओतायचे, वारा कमी झाला की थांबायचे, पुन्हा ओतायचे. ती थांबायची नाही. वाऱ्याचा जोर वाढला की धार जाड, कमी झाला की बारीक, आणि हे सगळं वर न बघता, नुसतं मनगटानं. खाली जी रास पडायची तिला पुन्हा सूप लावायची गरज नसायची. सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कुणाला चांगलं म्हटलं नाही, त्याही राशीत हात घालून "हं" म्हणायच्या. हे "हं" मला दहा वर्षांत दोनदा मिळालं.

वारा अगदीच पडला तर खळ्यावरचे गडी मारुतीच्या नावानं मूठभर दाणे मावळतीकडं उधळायचे. मारुती वाऱ्याचा लेक, त्यानं बापाला सांगावं, असा हिशेब. ती मूठ उधळायची नाही. तिच्या लोकांनी छप्पन साली जुने देव सोडले, आणि ती बोललेल्या शब्दाला पक्की. सासरे खालून म्हणायचे, "अगं, नुसतं नाव तरी घे." ती पाटी खांद्याला टेकवून उभी राहायची. "येतो की मालक. त्याला वाट ठाऊक हाय." आणि तो यायचा. कधी घटकाभरानं, कधी दोन घटकांनी, पण यायचा.

मी तिला मावशी म्हणायची. ती मला बाई म्हणायची. ती माझ्या आईच्या वयाची, तरी मी तिला "तू" आणि ती मला "तुमी". तेव्हा यात काही वेगळं वाटायचं नाही, आणि हेच मला आता जास्त बोचतं.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन सुग्या झाल्या असतील. भूमिहीनांना घर बांधायला जागा द्यायची, असा सरकारचा हुकूम निघाला. आमच्या गावात त्याची गरज कुणाला, हे विचारायची गरजच नव्हती. बौद्धवाडा ओढ्याच्या काठाला, गावाच्या उगवतीला, खोलगट जागेत. श्रावणात ओढा फुगला की पाणी थेट चुलीपर्यंत. आणि गावात सरकारी, खाली आणि उंचावरची जागा कोणती, तर खळवाडी. नकाशा निघाला. खळवाडीची मावळतीकडची अर्धी बाजू वीस घरांना, उरलेली अर्धी शेतकऱ्यांच्या खळ्यांना. कागदावर बघितलं तर कुणालाही सरळ वाटणी वाटावी.

यादी ग्रामपंचायतीच्या दारावर लागली. बौद्धवाड्यातली शिकलेली मुलं परभणीला नाहीतर औरंगाबादला, कुणी शिकायला, कुणी नोकरीला. घरी बायाच. त्या मला बोलवायला आल्या. मी डोक्यावरचा पदर सावरून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चढले आणि यादी वाचून दाखवली. मावशी मागं उभी होती.

"माझं हाय का बगा," ती म्हणाली.

"पहिलंच तुझं हाय," मी म्हणाले.

"पयलं?"

"पयलं."

तिनं मला ते नाव बोटानं दाखवायला लावलं. मी दाखवलं. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं, आणि मग बोट पदराला पुसलं, कागद घाण झाला असेल म्हणून. तिला लेक एकच, ती चुडाव्याला दिलेली. घरात मावशी एकटी. नवऱ्याच्या पाठीमागं तीन वेळा तिची भिंत पडली होती आणि तिन्ही वेळा तिनं ती एकटीनं उभी केली होती. परत जाताना ती वाट वाकडी करून खळवाडीवर गेली, हे मी आमच्या माडीवरून पाहिलं. मावळतीच्या कडेला जाऊन उभी राहिली, पावलं टाकून बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बसली. बराच वेळ बसली होती.

संध्याकाळी सासरे घरी आले ते तणतणतच. "वाऱ्याच्या तोंडापुढं भिताडं उभी करायलेत," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर खळेवाले जमले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. मावळतीला घरं झाली की वारा अडणार, उरलेल्या अर्ध्या खळवाडीवर उपणणी व्हायची नाही. जागा अर्धी दिल्यासारखी दिसते, पण जाते पूर्ण. सरकारला वाटतं, शेतकऱ्याला जमीन पाहिजे. खळ्याला जमिनीइतकाच वारा पाहिजे, हे नकाशावर कसं काढणार?

पण ओसरीवर आणखी एक गोष्ट बोलली गेली. एक म्हातारे खळेवाले तंबाखू मळत म्हणाले, "आन त्यांच्या घरावरून आलेला वारा आपल्या धान्यावर यायचा व्हय?" आमच्या भागात बौद्धवाडा गावाच्या उगवतीला का असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वारा मावळतीचा, म्हणून. सासरे खाली बघून म्हणाले, "ते लिहायचं न्हाई." मी दारामागं कागद घेऊन बसले होते. मी ते लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं.

आणि काय लिहिलं म्हणता! शाळेत गुरुजींनी निबंधाला शाबासकी दिली होती, त्यानंतर इतकं मन लावून मी काही लिहिलं नव्हतं. "पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट", "शेतकऱ्याच्या तोंडचा घास", "मायबाप सरकारने सहानुभूतीपूर्वक विचार करावा". दोन पानं. लिहिताना मला मजा आली. हो, आली. वाचून दाखवली तेव्हा ओसरीवर माना डोलल्या, माझा नवरा कौतुकानं दाराकडं बघत होता, आणि त्या घटकेला माझ्या मनात मावशीचं नाव एकदाही आलं नाही. यादी वाचणारी मीच आणि दरखास्त लिहिणारीही मीच. दोन्ही कामं मी सारख्याच सुवाच्य अक्षरांत आणि स्वच्छ आवाजात पार पाडली.

महिन्याभरानं साहेब आले. तहसिलीकडून पाहणीला. तरुण, शहरातले, बोलायला गोड. जीप वेशीत थांबवून ते खळवाडीवर आले, तेव्हा दिवस अजून माथ्यावर यायचा होता आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. आमच्या खळ्यावर मळणी झालेली, उपणायचा ढीग तयार. साहेबांनी नकाशा उघडला, इकडं तिकडं पाहिलं. म्हणाले, "अहो, घर असून असून किती उंच असणार? एवढ्या मोकळ्या रानात वारा कुठूनही येईल की." सगळे गडी एकदमच बोलायला लागले, त्यामुळं साहेबांना कुणाचंच कळेना.

सासरे हुशार. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. "साहेब, आमच्यात भाकरी खा. दुपार कलू द्या. मग तुमच्या डोळ्यांनी बगा."

साहेब जेवायला थांबले. मी भाकऱ्या थापत होते, तेवढ्यात सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "उपणायला तिला बोलवा." आणि मी, भाकरी परतता परतता, सालगड्याला सांगितलं, "जा, मावशीला म्हणावं तीन वाजता खळ्यावर ये."

एवढंच. शंभरदा दिलेला निरोप. सासऱ्यांना सुचलं नाही, नवऱ्याला सुचलं नाही, ओसरीवर जेवणाऱ्या आठ-दहा खळेवाल्यांतल्या एकालाही सुचलं नाही. आमच्या खळ्यावर उपणणी म्हणजे ती. तिवई आणा, पाट्या आणा, तिला आणा. तिचं घर जाणार आहे ते याच दुपारी, याच कामानं, हा विचार करायला जेवढं थांबावं लागतं तेवढंसुद्धा कुणी थांबलं नाही. चूक कशी होते, असं लोक विचारतात. अशी होते.

मला तो विचार आला तो खळवाडीच्या वाटेवर. डोक्यावर पाण्याची घागर, हातात लोटा, आणि बाजूच्या वाटेनं ती येताना दिसली. धुतलेलं लुगडं, कपाळापर्यंत पदर. वाटलं, तिला म्हणावं, मावशी, जा परत, तुझा हात दुखायलाय म्हणून सांगते मी. पण पुढं सासरे, मागं नवरा, आणि मी सून. "आलीस का," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "आले की. बोलावलं म्हणल्यावर."

गड्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. मावळतीच्या कडेला दोन बैलगाड्या आडव्या लावून, त्यांवर तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, तट्ट्या बांधून घराच्या उंचीची भिंत उभी केलेली. साहेबांनी ते पाहिलं आणि हसले. मग त्यांनीही बूट काढले, ते मला आवडलं.

वारा येईना. तीन वाजून गेले, तट्टीची एक काडी हलेना. साहेब घड्याळ बघायला लागले. एकानं मारुतीच्या नावानं मूठ उधळली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. सासरे चुळबुळ करायलेले. मावशी तिवईवर चढून, रिकामी पाटी खांद्याला टेकवून उभी होती, पुतळ्यासारखी म्हणा. तो आला नसता तर? मला मनातून वाटलं, येऊ नये. आमची दरखास्त वाहून जावी ओढ्यात. हे मी तेव्हा खरंच म्हणाले, मनात. मोठ्यानं नाही.

मग आला. आधी तट्टी वाजली, मग आमचे पदर उडाले.

पहिल्यांदा आडोशाला उपणलं. मावशीनं धार धरली, पण गाड्यांमागं वारा नुसता घुटमळायचा. दाणा आणि भूस एकत्रच खाली यायला लागलं, अर्धं तिच्याच अंगावर. साहेब म्हणाले, "बाई मुद्दाम तर नाही ना तसं टाकत?" सासरे म्हणाले, "तट्ट्या काढा रे." गड्यांनी गाड्या बाजूला ओढल्या. वारा मोकळा झाला. मावशीनं भरलेली पाटी वर उचलली.

त्या दिवसासारखी उपणणी मी परत पाहिली नाही. पाटीमागून पाटी, एकही हेलकावा नाही. भूस पिवळ्या पट्ट्यात लांब जाऊन पडत होतं आणि दाणे तिच्या पायाशी, एका जागी. गडी पाट्या भरून देताना दमले, ती थांबली नाही. खळ्यावर एवढी माणसं, पण आवाज फक्त धान्य पडण्याचा. साहेब राशीजवळ उकिडवे बसले, मूठ भरली, तळहातावर पसरली. एक कुसळ नव्हतं. दोन्ही वेळचा हात तोच होता, मधला फरक वाऱ्याचा, हे शहरातल्या माणसालाही समजलं.

"पटलं," ते म्हणाले. "ही जागा अशीच राहिली पाहिजे."

मावशी खाली उतरली. साहेब तिला म्हणाले, "छान काम आहे हो बाई. किती वर्षं करता?" तिनं सांगितलं, "ह्ये मेले तवापासून." साहेबांनी मान हलवली आणि नकाशाची घडी घालायला लागले. ती गेली नाही. काम झालं की बाजूला होणारी बाई, पण त्या दिवशी तिथंच उभी राहिली, साहेबांपासून दोन हातांवर, पदरानं तोंडावरचं भूस पुसत. मला वाटलं, तहान लागली असेल. मी पुढं होऊन लोटा तिरपा केला, तिनं ओंजळ धरली, मी वरून पाणी ओतलं. ती प्याली. साहेब बूट घालायला गेले. मग तीही गेली.

पुढं निकाल आमच्या बाजूनं लागला. खळवाडी कायम. घरांसाठी "अन्य योग्य जागेचा शोध घ्यावा" असं त्यात लिहिलं होतं. ते मीच वाचून दाखवलं. तो शोध कुणी घेतला नाही. आम्ही तर नाहीच. सासऱ्यांनी ताडकळसच्या बाजारातून पेढे आणले. मला पहिला पेढा दिला. मी खाल्ला.

त्यानंतर दोन सुग्या मावशी पूर्वीसारखीच आली. तिवईवर चढायची, उतरायची, तिच्या वाट्याची जवारी घेऊन जायची. मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे. घरात मात्र माझं तोंड सुटलं होतं. नवऱ्याशी कशावरूनही भांडायची, भाजीच्या मिठावरून, अंगणातल्या गोवऱ्यांवरून. त्याला बिचाऱ्याला कळेना, हिला झालंय काय. मलाही नीट सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या सुगीला मळणीयंत्र आलं. परभणीहून ट्रॅक्टरमागं बांधून आणलेलं. एका बाजूनं कणसं टाका, दुसऱ्या बाजूनं दाणे. दोन दिवसांचं काम दोन तासांत, शेतातच, वारा असो नसो. माझ्या नवऱ्यानंच पहिल्यांदा आणलं, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या साली खळवाडी कुणी सारवली नाही. पुढच्या साली तिथं तरोटा उगवला. मग गोखरू.

मी एका दुपारी सासऱ्यांसमोर विषय काढला. "आता वाऱ्याचं काय काम? द्या की ती जागा घरांना. म्हणाल तर मी लिहिते." त्यांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली. "मिळवलेली जागा कुणी सोडतं व्हय, सूनबाई? उद्या यंत्र बिगडलं तर?" मग म्हणाले, "आन बाकीचे खळेवाले काय म्हणतील." तंबाखू मळत बोललेलं ते वाक्य आम्हा दोघांनाही आठवलं असणार, कारण त्यांनी मान वर केली नाही. दरखास्तीला सह्या पाहिजेत, आणि माझ्या एकटीच्या सहीला कोण विचारणार, असं म्हणून मीही तिथंच सोडलं. हा माझा दुसरा पेढा.

त्याच साली श्रावणात ओढा आला. पाणी ओसरल्यावर कळलं की मावशीची मागची भिंत परत पडली. मी डब्यात पीठ घेतलं, थोडी डाळ घेतली आणि निघाले. सासूबाईंनी विचारलं, "कुठं?" मी सांगितलं. दहा-बारा वर्षं त्या गावात काढून मी बौद्धवाड्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होते. आमच्या घरापासून मोजून तीनशे पावलं.

तिचं घर म्हणजे एक खोली. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर ओलीची रेघ. पडलेल्या भिंतीच्या जागी तिनं पोतं टांगलं होतं. चूल तीन मोठ्या दगडांवर उचलून ठेवलेली. मला बघून ती गडबडली नाही. घोंगडं झटकून टाकलं, "बसा, बाई," म्हणाली. डबा घेतला. चुलीत काटक्या सारल्या, चहाचं भांडं चढवलं, आणि मग पहिल्यांदाच जरा अडखळून विचारलं, "घेताव न्हवं?"

"घेते की," मी म्हणाले.

ती चुलीपुढं बसली, मी तिच्या समोर. मनात तीन-चार वर्षं धरून ठेवलेलं विचारलं.

"मावशी, त्या दिवशी तू कशाला आलीस? ठावं नव्हतं का तुला, साहेब कशापायी आलेत ते?"

"ठावं हुतं की. यादी तुमीच वाचून दावली हुती."

"मग? हात दुखायलाय म्हणली असतीस. न्हाईतर पाटी वाकडी धरली असतीस. त्या साहेबाला काय कळत हुतं?"

"वाकडी कशी धरू, बाई?" तिला प्रश्नच समजला नाही असं वाटलं. "खाली रास पडायली हुती."

काटक्या ओल्या होत्या, धूर व्हायला लागला. तिनं फुंकणीनं दोनदा फुंकलं, डोळे पुसले.

"आन मला दुसरं बी एक वाटलं हुतं," ती म्हणाली. "म्हणलं, साहेब इतका जवळ बसून बगायलाय. काम आवडलं त्याला, तर इचारल की, बाई तू कोन, तुझं घर कुठं हाय. इचारलं म्हणजे सांगता येतं. आपणहून कसं बोलावं इतक्या मान्सांत? म्हणून चांगलंच करावं म्हणलं. लय चांगलं केलं त्या दिवशी."

"हो," मी म्हणाले. "तसं कुणी केलं न्हाई परत."

"मग खाली उतरले आन उभी ऱ्हायले. इचारल म्हणून."

"त्यानं इचारलं न्हाई."

"त्यो परका मानूस, बाई. त्याला काय ठावं." तिनं चहा उतरवून कपात ओतला आणि कप माझ्यापुढं जमिनीवर ठेवला. "तुमी हुताव की तिथं, लोटा घिऊन. तुमाला समदं ठावं. म्हणलं, बाई सांगतील."

साहेबांपासून दोन हातांवर उभी होते मी. नुसतं तोंड उघडायचं होतं.